चाकाच्या बुटांविरुद्धचा माझाच अर्ज मागे घेण्याबाबत

प्रति,
मा. ग्रामपंचायत अधिकारी साहेब,
ग्रामपंचायत कार्यालय, रांजणदरा,
ता. पारनेर, जि. अहिल्यानगर.

अर्जदार: इमॅन्युएल योहान उजागरे, धंदा झेरॉक्स, टायपिंग व अर्ज लिहून देणे, रा. रांजणदरा, एसटी थांब्यासमोर.

विषय: लहान मुलांनी सार्वजनिक ठिकाणी चाकाचे बूट घालण्यास बंदी करावी, हा माझा अर्ज रद्द समजणे, बंदी उठवणे आणि कपाटातील बूट ज्याचे त्याला परत देणेबाबत.

संदर्भ: १) माझा मे महिन्यातील अर्ज.
२) त्यावरून एसटी थांब्याजवळ लागलेला आपल्या कार्यालयाचा फलक.
३) काल मंगळवारी आपण मला जे म्हणालात ते: "उजागरे, दिलेला अर्ज असा तोंडी मागे घेता येत नाही. कारणं लेखी द्या."

महोदय,

कारणे लेखी देत आहे. गावातले निम्मे अर्ज माझ्याच दुकानातून आपल्या टेबलावर येतात, त्यामुळे माझी भाषा आपल्या ओळखीची असेल. इतरांच्या तक्रारी मी वर्षानुवर्षे नेमक्या शब्दांत बसवून देत आलो. स्वतःची तक्रार मात्र आयुष्यात पहिल्यांदा लिहिली आणि तीच माझ्या अंगाशी आली. आपल्याकडे आणखी दोन गावांचा पदभार असल्याने आपण मंगळवारी आणि शुक्रवारी येता. मधल्या वारांना इथे काय काय घडले ते आपणास कळावे म्हणून सविस्तर लिहितो. येत्या शुक्रवारी ग्रामसभा आहे आणि बंदी कायम करण्याचा विषय तीत आहे. त्याआधी हे आपल्या वाचनात यावे, एवढीच घाई आहे.

१. एसटी थांब्यापासून चर्चपर्यंतचा रस्ता गेल्या हिवाळ्यात काँक्रीटचा झाला. त्यापूर्वी त्या रस्त्याने सायकल नेणाऱ्यालाही उतरून चालावे लागे. असा गुळगुळीत रस्ता झाल्यावर त्यावर काहीतरी घसरणार, हे उघड होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत किराणा दुकानदार छगन यांची मुलगी कु. राजनंदिनी, इयत्ता सहावी, हिला तिच्या मामाने पिंपरीहून बूट आणले. दिसायला साधेच बूट, पण टाचेत चाक. चालायचे असेल तर चालता येते, आणि टाचेवर भार टाकला की पाय न उचलता माणूस घरंगळत पुढे जातो. टाचेत लाल-निळे दिवेही लागतात, त्याबद्दल माझी तक्रार तेव्हाही नव्हती व आजही नाही.

पहिल्या दिवशी अख्ख्या गावाने कौतुक केले. भिमाजी कुल्फीवाले यांनी तर तिला एक कुल्फी फुकट दिली, आणि भिमाजींना ओळखणाऱ्यांना ही घटना केवढी मोठी आहे ते कळेल. मग पुढे जे व्हायचे ते झाले. "राजीला हायेत, मग मला का न्हाईत?" या एका प्रश्नावर घराघरांत जेवणे थांबली. छगन यांच्या शेजारचा ओम दोन वेळा जेवला नाही म्हणून त्याच्या वडिलांनी नगर गाठले. त्यांच्या पिशवीतून बूट निघालेले पाहून बाकीच्या वडिलांनी गाठले. पाहता पाहता गावातली बहुतेक पोरे जमिनीवरून चालेनाशी झाली. ती वाहू लागली.

२. आता माझ्या आईविषयी लिहितो, कारण मूळ तक्रार तिच्या निमित्ताने होती. माझी आई रेबेका हिची दृष्टी काचबिंदूने गेली, त्याला बराच काळ झाला. पण ती माझ्या दुकानाबाहेरच्या बाकावर बसलेली असली, की नवख्या माणसाला तिला दिसत नाही हे सांगूनही पटत नाही. रस्त्याने जाणाऱ्याला ती पावलांवरून ओळखते आणि नावाने हाक मारते. "आसाराम, डावा पाय अजून दुखतुया व्हय रं?" "छगन, नवी चप्पल का? लई वाजती." माणसे मुद्दाम माझ्या दुकानासमोरून जातात, जरा हळू चालतात, आपले नाव यायची वाट बघतात. कोणाला ताप आला, कोण रुसून माहेरी आली, हे तिला चालीवरून समजते, आणि उरलेले ती विचारून घेते. तिचा सगळा दिवस असा जातो. माझ्याकडे अर्ज लिहायला आलेले लोकही आधी बाहेर तिच्याजवळ बसतात. पुष्कळदा तिथेच भांडण मिटते आणि माझा अर्ज बुडतो.

पोरांचा तिच्याशी एक खेळ होता. आवाज न करता तिच्यासमोरून जायचे, आणि तिने ओळखले की हरायचे. अनवाणी आली तरी ती ओळखायची, पंजांवर आली तरी ओळखायची. या खेळात कोणी जिंकल्याचे मला आठवत नाही. चाके आल्यावर पोरे जिंकू लागली. पाऊलच पडत नाही तर ती ओळखणार कशावरून? चाकांची बारीक घरघर व्हायची, पण ती सगळ्यांची सारखी. लांबून ओरडायची, "आज्जी, वळखा!" सुरुवातीला आई हसायची. मग मी काचेआडून बघायचो तर ती मान नुसती इकडून तिकडे वळवत असे. एकदा तिने "ओम" अशी हाक मारली, तोवर ओम चर्चपाशी पोचला होता. ती हाक रिकाम्या रस्त्यावरच राहिली. त्यानंतर ती हाका मारायची कमी झाली.

३. प्रत्यक्ष घटना अशी. एके सकाळी आई काठी टेकत रस्ता ओलांडत असताना राजनंदिनी थांब्याच्या बाजूने आली. तिने ओरडून सांगितले होते, असे तिचे म्हणणे आहे. आईने ऐकून थांबायच्या ऐवजी काठी पुढे केली. काठी पोरीच्या दोन पायांत अडकली आणि पोरीबरोबर निघून गेली. पोरगी पडली नाही, काठी पडली नाही, पण आधार गेल्यामुळे आई रस्त्यावर मटकन खाली बसली. काठी पुढे चर्चपाशी सापडली. आईला खरचटलेसुद्धा नव्हते. परंतु मी धावत गेलो तेव्हा ती दोन्ही हातांनी आपल्या भोवतालची जमीन चाचपत होती. ते मी याआधी कधी पाहिले नव्हते. आईला रस्ता सापडत नाही, असे कधी झाले नव्हते.

त्या दिवसापासून ती बाकावर यायची बंद झाली. घरात खाटेवर बसू लागली. "ऊन लई हाय," म्हणाली. उन्हाळ्यात ऊन असते हे मान्य आहे, पण त्याच उन्हाळ्यात आदल्या दिवसापर्यंत ती बाहेर होती.

४. त्याच रागात मी संदर्भीय अर्ज लिहिला. आपण तो वाचला आहे, तरी त्यातली काही वाक्ये इथे देणे भाग आहे, कारण तीच आता मला मागे घ्यायची आहेत. मी लिहिले होते की, "सदर पादत्राणे ही पादत्राणे नसून विनापरवाना वाहने आहेत." मी असेही लिहिले होते की, "सदर वाहनांस हॉर्न नाही, ब्रेक नाही, नंबर नाही, फक्त दिवा आहे, व चालकाचे वय अकरा आहे." तसेच, "ही बालके आज कुल्फीच्या मागे धावत आहेत, उद्या कोणाच्या मागे धावतील हे सांगता येत नाही," हे वाक्य मी का लिहिले ते मला आज आठवत नाही. पण अर्ज छान झाला होता. दुकानात आलेल्या लोकांना मी तो वाचून दाखवला आणि त्यांनी खाली सह्या केल्या. सह्या करणाऱ्यांत पोरांचे वडीलही होते. छगन यांनी तर सही करताना "भाषा कडक हाय बरं का" अशी मला शाबासकी दिली आणि घरी जाऊन सही केल्याचे सांगितलेच नाही.

आपण तत्परतेने फलक लावला. ग्रामसभेचा निर्णय होईपर्यंत बंदी, जो घालून दिसेल त्याचे बूट कार्यालयात जमा, असा तो फलक. शिपाई सुनील यांनी पहिल्याच दिवशी इतके बूट जमा केले की कार्यालयातले कपाट भरले आणि दप्तर बाहेर खुर्चीवर आले. यात कार्यालयाचा काहीही दोष नाही. कार्यालयाने माझ्या अर्जाप्रमाणे केले.

५. मी विजयी मुद्रेने घरी गेलो आणि आईला म्हणालो, "चल बाहेर. आता कुणी येत नाही अंगावर."

ती म्हणाली, "पोरं कुठं गेली?"

"चालतायत. गुपचूप. बूट काढून घेतले सगळ्यांचे."

"कुणी?"

मी सांगितले. मला वाटले, बरे वाटेल. आईने माझ्या आवाजाकडे तोंड वळवले. मग म्हणाली, "माझ्या नावानं दिलास अर्ज?"

"तुझ्यासाठी दिला."

"मला इचारलंस? रोज धा मान्सं तुझ्याकडं येत्यात, त्यांना आधी इचारतूस, काय झालं, कसं झालं, मग लिव्हतूस. मला न्हाई इचारलंस. डोळं गेल्यात माझं, तोंड न्हाई गेलं."

महोदय, तेव्हापासून आई माझ्याशी बोलेनाशी झाली. जे सांगायचे ते माझी पत्नी एंजेला हिच्यामार्फत सांगू लागली. मी तिच्यासमोर बसलेला असताना ती एंजेलाला म्हणायची, "अगं, त्या अर्जवाल्याला सांग, चहा निवतुया." एंजेलाही तेच वाक्य माझ्याकडे तोंड करून पुन्हा म्हणायची. घरात तिघे आणि प्रत्येक वाक्य दोनदा, असा कारभार सुरू झाला. रविवारी उपासनेलाही आई एंजेलाचा हात धरून गेली. पाळकसाहेबांनी मला बाजूला घेऊन विचारले, "घरी सगळं ठीक?" मी ठीक आहे म्हणालो, आणि चर्चच्या दारात खोटे बोलल्याचे वाईट वाटले ते वेगळेच.

बाहेर तर त्याहून वाईट होते. पोरे माझ्या दुकानासमोरून जाताना पाय आपटत, मोजूनमापून, कवायतीसारखी चालायची. ज्यांनी सह्या केल्या ते बाप आपल्या पोरांना सांगायचे, "इमॅन्युएलकाकानं केलं बघ सगळं." आणि आई तरीही बाहेर आली नाही. रस्ता मोकळा झाला, शांत झाला, पण जिच्यासाठी केला तीच खाटेवर.

६. मग एके दिवशी दुपारी राजनंदिनी आमच्या घरी आली. एकटी आली, चप्पल घालून आली, दारात उभी राहिली. मी जेवायला आलो होतो म्हणून हे माझ्या डोळ्यांदेखत घडले. आईने तिला उंबऱ्याबाहेरच ओळखले.

"राजी का गं? ये. अशी का चालतीस, पाय वढत?"

पोरगी रडायला लागली. म्हणाली, "आज्जी, मी वरडले हुते. खरंच वरडले हुते. पन वरडूस्तवर पुढं गेले हुते."

"ते मला म्हाइती हाय. ऐकू आलं हुतं. पन कुठनं आलं ते न्हाई कळलं." मग तिला जवळ बसवून आई म्हणाली, "ते चाक नक्की असतं कुठं गं? समदी नुसती सांगत्यात. मला एकानंबी हातात न्हाई दिलं."

बूट कपाटात. पोरगी माझ्याकडे बघू लागली. आईने एंजेलाला हाक मारून सांगितले, "त्या अर्जवाल्याला म्हनावं, एक जोड घिऊन ये."

मी जेवण अर्धे टाकून कार्यालयात गेलो आणि शिपाई सुनील यांना म्हणालो की पुराव्याची पाहणी करायची आहे. त्यांनी राजनंदिनीचा जोड दिला. हे नियमात बसते की नाही याची कल्पना नाही. जे काही असेल ते माझ्या नावावर मांडावे, सुनील यांच्या नाही.

आईने बूट मांडीवर घेतला. टाच चाचपली, चाक सापडले, बोटाने फिरवले. ते फिरता फिरता थांबले, पुन्हा फिरवले. "एवढंसंच व्हय?" म्हणाली. "यानं पळती तू?" मग चाक कानाशी नेऊन फिरवले आणि कितीतरी वेळ ऐकत बसली. शेवटी म्हणाली, "आसारामाच्या शेळ्या रोज सांजंसकाळी माझ्या अंगावरनं जात्यात. एक तरी धडकली का मला? त्यांच्या गळ्यात घंटा हाय. वाजत येती, वाजत जाती. तुमच्या गळ्यात नको, बुटाला बांधा. मग बघती कोन जिंकतंय."

राजनंदिनी डोळे पुसायचे विसरून उठली आणि पळाली. आसारामच्या शेळ्यांच्या वाडग्याकडे गेली, हे मला नंतर कळले.

७. त्यानंतरच्या मंगळवारी मी आपणास भेटून घंटांचा विषय तोंडी मांडला होता. आपण फाईलमधून मान वर न करता "बघू" म्हणालात. मी "आठवडाभर चाचणी घेऊ का?" असे विचारले, त्यावरही आपण "बघू" म्हणालात. हा शब्द मी परवानगी या अर्थी घेतला. गावातल्या अनेक कामांत तो याच अर्थी घेतला जातो, अशी माझी समजूत आहे.

शुक्रवारी बूट परत मिळाले. आसाराम यांनी घंटा दिल्या. पितळेच्या, लोखंडाच्या, पत्र्याच्या, लहान, मोठ्या, चिरकलेल्या, जशा होत्या तशा. पोरांनी त्या नाडीला बांधल्या. रविवारी उपासना सुटल्यावर आई एंजेलाचा हात धरून बाकापाशी आली आणि बसली. पहिल्यांदा ओम गेला. "ह्यो जाड आवाज कुनाचा?" पोरांनी सांगितले. "बरं, ह्यो ओम." मग राजनंदिनी गेली. "ही किणकिण राजी." अशी एकेकाची घंटा तिने ऐकून ठेवली. संध्याकाळपर्यंत ती पुन्हा हाका मारू लागली होती, आणि आता पोरे लांब असतानाच मारायची. "राजी, हळू ये, वळणावर टेम्पो उभा हाय!" टेम्पो कोठे उभा आहे हे तिला पोरांच्या आधी ठाऊक असायचे. पोरे पुन्हा हरू लागली. हरण्यात एवढा आनंद मी याआधी पाहिलेला नाही.

चाचणीत काही अडचणी आल्या, त्या लपवणे योग्य होणार नाही.

अ) आसाराम यांनी उदारपणे दिलेल्या घंटांत त्यांच्या कळपाच्या म्होरक्या शेळीची घंटाही होती. ती ओमच्या वाट्याला गेली. त्यामुळे ओम जिकडे जाईल तिकडे कळप जाऊ लागला. ओम घरी गेला की शेळ्या त्याच्या दारात थांबत. बुधवारी तो काही कामाने कार्यालयाच्या आवारात येऊन गेला. शुक्रवारी आपण "जास्वंद कुठे गेली?" असे विचारलेत आणि सुनील यांनी "वाळली" असे सांगितले. त्यांनी ते ओमची दया येऊन सांगितले. ओमची घंटा बदलण्यात आली आहे. जास्वंदीचे रोप मी लावून देतो.

ब) दुसरी अडचण भिमाजी कुल्फीवाले यांची. ते गाडीवरची घंटा वाजवत येतात, आणि घरातून बायामाणसे बाहेर येतात, हा त्यांचा धंदा. आता घंटा ऐकून बाहेर आले तर ओम. पुन्हा घंटा, पुन्हा ओम. तिसऱ्या घंटेला कोणी उठत नाही, आणि ती नेमकी भिमाजींची असते. त्यांची कुल्फी गाडीत वितळू लागली. ते तक्रार घेऊन माझ्याकडे आले. अर्ज लिहून देणे हा माझा धंदा आहे, मला नाही म्हणता आले नाही. काल आपल्यासमोर आलेला "घंटाधारी बालकांचा बंदोबस्त होणेबाबत" हा अर्ज माझ्याच हातचा आहे. त्यातले "या सर्व प्रकारास इमॅन्युएल उजागरे हा इसम जबाबदार आहे" हे वाक्य मी भिमाजींच्या सांगण्यावरून लिहिले. "इसम" हा शब्द माझा. तो अर्ज वाचून आपण चाचणी थांबवली आणि बूट पुन्हा कपाटात गेले. अर्ज परिणामकारक झाला याचा धंदेवाईक आनंद मला एखादा क्षण झाला, मग मी आपल्याला तो अर्जही आणि माझा जुना अर्जही बाजूला ठेवा असे तोंडी म्हणू लागलो, आणि आपण "लेखी द्या" म्हणालात.

भिमाजींशी मी काल दुपारी बोललो. त्यांना घंटेऐवजी भोंगा चालेल. एंजेलाच्या आवाजात "कुल्फीऽऽ घ्या कुल्फी" असे मोबाईलवर भरून त्यांच्या गाडीच्या भोंग्याला जोडून दिले आहे. काल संध्याकाळी त्यांचा माल संपला. त्यांनी अर्ज मागे घेण्याची तयारी दाखवली असून तोही अर्ज मीच लिहीत आहे.

८. काल आपण मला लंगडताना पाहून "काय झालं?" असे विचारले होते. मी "काही नाही" म्हणालो. ते उत्तर अपुरे होते, आणि आपणास इतर कोणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडूनच कळावे म्हणून लिहितो.

परवाच्या रविवारी दुपार उतरल्यावर मी दुकानात एका शेतकऱ्याचा वारसनोंदीचा अर्ज टाईप करत होतो. चहा प्यायला उठलो, परत येतो तर माझी खुर्ची जागेवर नाही. खाली पाच चाके असलेली, फिरणारी खुर्ची. बाहेर बघतो तो बाकावर आई नाही. रस्त्यावर घंटांचा असा गजर चालला होता की थांब्यावरच्या एसटीतली माणसे खिडकीतून बघत होती. पोरांनी आईला माझ्या खुर्चीत बसवले होते. राजनंदिनी मागून धरून ढकलत होती, दोन्ही बाजूंना पोरे, पुढे ओम वाट मोकळी करत. आईने पदर खोचला होता, काठी मांडीवर आडवी धरली होती आणि ती ओरडत होती, "जोरात गं! मला काय बैलगाडीत बसिवलंय व्हय?"

हे कोणाच्या डोक्यातून निघाले याची मी चौकशी केली. पोरे म्हणतात आज्जीच्या. आज्जी म्हणते तिच्याच.

महोदय, त्या वेळी मी जे केले ते कोणत्याही मुलाने केले असते. मी रस्त्याच्या मधोमध जाऊन उभा राहिलो आणि पोलिसासारखा हात वर केला. पोरांनी हात पाहिला आणि राजनंदिनीने खुर्ची ओढून धरली, पण खुर्ची वेगात होती, तिच्या हातून सुटली. बाकीची पोरे बाजूला झाली. सगळ्यांच्या घंटा आईच्या डावी-उजवीला गेल्या, म्हणजे समोर रस्ता मोकळा, असे तिने धरले. मी तर जागेवर उभा होतो. माझी पावले वाजत नव्हती, माझ्या पायात घंटा नव्हती, आणि घाबरून तोंडातून शब्दही फुटला नाही.

खुर्चीचा पाया माझ्या नडगीवर बसला. मी खाली बसलो आणि खुर्ची माझ्याच अंगाला टेकून थांबली. आई घट्ट बसून होती, तिला काहीही झाले नाही. एसटीचा ड्रायव्हर खाली उतरला.

आईने हात पुढे करून चाचपले. माझे डोके तिच्या हाताला लागले. ती थोडा वेळ माझ्या केसांवरून, कानावरून बोटे फिरवत राहिली.

"इमॅन्युएल?" ती म्हणाली. एंजेलाला नाही, मला. "अरं मग बोलायचं न्हाई व्हय?"

मी रस्त्यावर बसून बोललो. म्हणालो, "चुकलं, आई."

"लागलं का?"

"नाही."

"खोटं बोलतूस. आवाज कसा आलाय बघ." आणि ती हसायला लागली. मग पोरे हसली, मग एसटीतली माणसे. एंजेला घरातून धावत आली, तिलाही काय झाले ते नीट कळायच्या आत हसू आले. कितीतरी दिवसांनी त्या संध्याकाळी आमच्या घरात कोणतेही वाक्य दोनदा बोलले गेले नाही. फक्त नडगीला शेक द्यावा की बर्फ, यावर आईत आणि एंजेलात मतभेद झाला, तो अजून चालू आहे.

९. वरील सर्व बाबींचा विचार करून विनंती करण्यात येते की:

माझा बंदीचा अर्ज त्यातल्या सर्व कडक वाक्यांसह रद्द समजावा. त्याखाली सह्या करणाऱ्या पालकांपैकी कोणी "आम्ही सही केलीच नव्हती" असे म्हणत असेल, तर ते खरे धरावे.

चाकाचे बूट घंटा बांधलेली असल्यास सार्वजनिक रस्त्यावर चालू द्यावेत, असा ठराव ग्रामसभेत मांडावा. एसटी सुटण्याच्या वेळेला आणि अंत्ययात्रेला बूट काढावेत, हे पोरांनी स्वतः कबूल केले आहे. सुट्टी संपत आली आहे, शाळा उघडण्याआधी त्यांच्या पायांत बूट पडले तर उपकार होतील.

फिरत्या खुर्चीबाबत काही नियम करायचा असल्यास तो माझ्या आईला आधी विचारून करावा. मी मधे पडणार नाही. सध्या मी लाकडी स्टुलावर बसून टाईप करत आहे, कारण खुर्ची रविवारपासून बाकाशेजारी असते आणि तीवर कोण बसते ते आपण शुक्रवारी येताना पाहालच. आपण आलात की ती आपणासही नावाने हाक मारील. आपले बूट नवे आहेत आणि करकरतात, असे तिने मला सांगितले आहे.

माझ्या डाव्या नडगीस झालेल्या सदर दुखापतीबाबत माझी कोणाविरुद्धही, कसलीही तक्रार नाही.

कळावे,
आपला,
अर्ज देणारा आणि मागे घेणारा,

(सही)
इमॅन्युएल योहान उजागरे

ठिकाण: रांजणदरा
दिनांक: ११ जून २०२५

सोबत:
१) भिमाजी कुल्फीवाले यांचा तक्रार मागे घेण्याचा अर्ज (त्यांची सही कुल्फीच्या हाताने झाल्यामुळे कागद चिकट आहे).
२) जास्वंदीचे एक रोप, सुनील यांच्या ताब्यात.